माप पिणाऱ्यांचं

अमेरिकेत बिअरचं जे पिंप सगळ्यात जास्त चालतं, त्याला 'हाफ बॅरल' म्हणतात. साडेपंधरा अमेरिकी गॅलन, म्हणजे ५८.७ लिटर. त्याच्या निम्मं ते 'क्वार्टर बॅरल', आणि सगळ्यात सडपातळ, १९.५ लिटरचं, ते 'सिक्स्थ बॅरल'. अर्धा, पाव, एकषष्ठांश, सगळे अपूर्णांक हजर. पूर्णांक तेवढा बेपत्ता. ३१ गॅलनचं अख्खं बॅरल आज कुठल्याही बारच्या कोठीत सापडायचं नाही. ते नांदतं फक्त कागदावर, आणि तो कागदही सरकारी. १८६२ साली यादवी युद्धाच्या खर्चाने टेकीला आलेल्या अमेरिकी सरकारने बिअरवर दर बॅरलमागे एक डॉलर कर बसवला आणि बॅरल म्हणजे ३१ गॅलन असं ठरवून टाकलं. युद्ध संपलं, लाकडी पिंपं जाऊन स्टीलचे केग आले, पण कर अजून बॅरलवरच मोजतात. त्यामुळे ज्याला बारमध्ये सगळे 'फुल साइझ' केग म्हणतात, ते नावाने जन्मभर अर्धंच राहिलं आहे.

पिंपाच्या पोटावर लिटरचा आकडा असतो आणि तो आतल्या पेयाचा आहे असं आपण धरून चालतो. मला तो माणसांचा वाटतो. किती जण जमतील, किती वेगाने पितील, त्यातले किती उद्या परत येतील, ओझं वाहणाऱ्याच्या पाठीत किती जोर आहे आणि राजाचा प्रजेवर किती विश्वास आहे, या सगळ्याचा कुणीतरी आधीच बांधून ठेवलेला अंदाज म्हणजे पिंपाचं माप. बिअरला स्वतःला किती आकारात राहायचं याची पर्वा नसते.

राजाच्या विश्वासाची गोष्ट जुनी आहे. १५३१ साली, आठव्या हेन्रीच्या अमदानीत, इंग्लंडमध्ये कायदा झाला की बिअर गाळणाऱ्याने स्वतःची पिंपं स्वतः बांधू नयेत. ते काम कूपरांचं, म्हणजे पिंप बांधणाऱ्या कारागिरांचं. मापाने विकणाऱ्याच्या हाती माप घडवणं ठेवायचं नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. याच कायद्यात दोन वेगळी बॅरलं सांगितली आहेत: बिअरचं ३६ गॅलनचं, एलचं ३२ गॅलनचं. त्या काळी एल म्हणजे हॉप्सशिवाय केलेली, आणि बिअर म्हणजे हॉप्स घातलेली. हॉप्सच्या कडवटपणामुळे बिअर टिकते. बिनहॉप्सची एल लवकर नासते. टिकणाऱ्याला मोठं पिंप आणि नासणाऱ्याला लहान, ही वाटणी मला कारकुनाच्या लहरीपेक्षा तळघरातल्या अनुभवाची वाटते. पुढे दोन्ही पेयांतला भेद पुसट झाला तरी मापांचा घोळ चालूच राहिला आणि सगळीकडे ३६ गॅलन व्हायला १८०३ साल उजाडलं.

या इंग्रजी पिंपांची कुळी मुळात दुपटीची आहे. साडेचार गॅलनचं पिन, नवाचं फर्किन, अठराचं किल्डरकिन, छत्तीसचं बॅरल. ज्यांच्या घरात धान्याच्या कणगीशेजारी चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी उतरंड होती त्यांना ही चाल लगेच ओळखू येईल. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दुपटीच्या मापांत एक शहाणपण असतं: तराजू नको, आकडेमोड येणारा माणूस नको, भांडं खोटं आहे की खरं हे शेजारचं भांडं सांगतं. दोनदा ओतून पाहिलं की झालं. मेट्रिक पद्धत यापेक्षा सोयीची आहे यात वाद नाही, पण दहाच्या पटीत ही ओतून पाहण्याची सोय उरत नाही; तिथे वजनमापे निरीक्षकाच्या शिक्क्यावर भरवसा ठेवावा लागतो. बॅरलच्या पुढे मात्र इंग्रजांचीही चाल मोडते. हॉग्जहेड येतं ५४ गॅलनचं, म्हणजे बॅरलच्या दीडपट, आणि मग पुन्हा दुप्पट होऊन १०८ गॅलनचं बट.

पण फुगीर पोटाच्या पिंपात नेमकं किती मावतं हे ठरवायचं कसं? योहानेस केप्लरला हा प्रश्न पडला तो स्वतःच्या लग्नात. १६१३ साली त्याने दुसरं लग्न केलं, घरात वाइनची पिंपं आणून ठेवली, आणि काही दिवसांनी विक्रेता एक मापपट्टी घेऊन आला. पिंपाच्या वरच्या बुचाच्या भोकातून त्याने ती तिरकी आत घातली, झाकणाच्या खालच्या कडेला टेकवली, भिजलेला आकडा वाचला आणि किंमत सांगून मोकळा झाला. पिंप लांबट आहे की बुटकं, याकडे त्याने पाहिलंही नाही. लांब-बारीक पिंपात आणि आखूड-जाड पिंपात ती तिरकी लांबी सारखी भरू शकते, माल मात्र निराळा असतो. ग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या माणसाला हे खटकणारच. नवरदेवाने गणित मांडलं. १६१५ साली लिंझमध्ये त्याचं वाइनच्या पिंपांच्या घनफळावरचं पुस्तक निघालं आणि त्यातला निष्कर्ष विक्रेत्याच्या बाजूचा होता. ऑस्ट्रियातले कूपर पिंपाची जी ठेवण पिढ्यान्पिढ्या राखत होते, ती त्या तिरक्या लांबीत जास्तीत जास्त माल मावणाऱ्या ठेवणीच्या अगदी जवळची होती. आणि कमाल बिंदूच्या आसपास आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी घनफळ जवळजवळ हलत नाही. म्हणजे कारागिराचा हात चुकला तरी गिऱ्हाईक फसत नव्हतं. पुढच्या काळात न्यूटन-लायब्निट्झनी जे शास्त्र उभं केलं त्यातली एक मूळ कल्पना अशी एका वाइनवाल्याच्या बिलावरून सुरू झालेली आहे. कूपरांना अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त बापाच्या पिंपासारखं पिंप बांधायचं होतं.

फुगीर पोटाचं दुसरं कारण पाठीचं. ३६ गॅलनमध्ये १६४ लिटर बिअर, वर ओकच्या जाड फळ्या आणि लोखंडी पट्टे. एकूण वजन दोनशे किलोंच्या पुढे. ते कुणी उचलत नसे. फुगवट्यामुळे आडव्या पिंपाचा जमिनीला अगदी अरुंद पट्टाच टेकतो, म्हणून एकटा माणूस ते लोळवू शकतो आणि जागच्या जागी हवं तिकडे वळवू शकतो. फुटपाथवरच्या झडपेतून दोरांच्या आधाराने ते उताराच्या फळीवरून तळघरात सोडत. आजचं स्टीलचं फर्किन भरलेलं पन्नास किलोंच्या आसपास भरतं, अमेरिकी हाफ बॅरल ७३ किलोंच्या. पन्नास किलो एकटा रेटतो, ७३ ला दोघं लागतात किंवा ढकलगाडी. गेल्या शंभर वर्षांत पिंपं लहान होत गेली त्यात चवीइतकाच वाटा कंबरदुखीचा असावा असा माझा अंदाज.

लांबच्या प्रवासाला मात्र मोठंच पिंप बरं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची बिअर हॉग्जहेडमध्ये भरून कलकत्त्याला आणि मुंबईला यायची. आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिने. पिंप जितकं मोठं तितका पृष्ठभाग तुलनेने कमी, म्हणून उष्णकटिबंध ओलांडताना आतली बिअर हळू तापते आणि हळू निवते. पण २४५ लिटरचं पिंप मुंबईच्या उकाड्यात एकदा उघडलं की ते संपवणार कोण? पलटणीची गोष्ट निराळी. साहेबाच्या बंगल्यावर ती बिअर जायची बाटल्यांतून. समुद्रासाठी एक माप, जेवणाच्या टेबलासाठी दुसरं.

उघडलेलं पिंप ही धावत्या घड्याळाची गोष्ट आहे, आणि ती पाहावी इंग्रजी पबच्या तळघरात. बारा-तेरा अंशांच्या गारव्यात फर्किन घोडीवर आडवं निजवलेलं असतं, हलू नये म्हणून पाचरी लावलेलं. वरच्या अंगाला बूच, आणि बुचाच्या मधोमध पातळ केलेली जागा. तिथे लाकडाची बोटाएवढी खुंटी ठोकतात. फुस्स करून आतला वायू सुटतो आणि खुंटीभोवती फेस बुडबुडू लागतो. खुंट्या दोन प्रकारच्या: मऊ लाकडाची वायू झिरपू देते, कठीण लाकडाची कोंडून धरते. रात्री पब बंद करताना कठीण खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला जीव सकाळपर्यंत टिकतो. समोरच्या झाकणाच्या खालच्या कडेला दुसरं लहान बूच. त्यावर तोटीचं तोंड टेकवायचं आणि हातोड्याचा एक सणसणीत घाव घालायचा. घाबरत घाबरत ठोकणाऱ्याच्या बाहीत बिअर जाते.

बिअर नितळ व्हावी म्हणून तिच्यात आधीच आयसिंग्लास घातलेलं असतं. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला हा पदार्थ तरंगणाऱ्या यीस्टला ओढून तळाशी बसवतो. आपले कोळी या पिशवीला बोत म्हणतात. वाळवलेले बोत मुंबईहून विलायतेला जात होते. २०२१ साली पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला घोळ माशांचा मोठा थवा लागून लिलाव कोटीच्या वर गेला, तेव्हा त्या किमतीचं कारणही हा बोतच होता. आता काही ब्रुअऱ्यांनी शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी आयसिंग्लास सोडलं आहे आणि बिअर थोडी गढूळ दिसली तर दिसू दे म्हणतात.

तोटी बसली की घड्याळ सुरू. जितकी बिअर खाली उतरते तितकी हवा वरून आत शिरते. हवा लागलेली बिअर आधी मरगळते, मग आंबते. साधारण तीन दिवस हाती असतात. फर्किनमध्ये ७२ पाइंट. तळाचा गाळ सोडला तर सत्तरेक. म्हणजे दिवसाला २३-२४ पाइंट खपले पाहिजेत. मंगळवारी पाऊस लागला, नेहमीच्या चार म्हाताऱ्यांतले दोघे सर्दीने घरी बसले, की हिशेब कोसळतो. मग पबवाला पिनकडे वळतो, ३६ पाइंटच्या. पण ब्रुअरीला पिन आवडत नाही. पिन धुवायला, भरायला, पोचवायला आणि रिकामं परत आणायला जवळजवळ फर्किनइतकेच कष्ट, आणि विक्री निम्मी. लहान गावातला पब बंद पडतो तेव्हा लोक भाड्याला आणि कराला दोष देतात, तो खराही असतो. पण नऊ गॅलन आणि तीन दिवस यांच्या भागाकारात किती पब बुडाले असतील याची नोंद कुणी ठेवत नाही.

पिणाऱ्यांचा विचारच न करता बांधलेलं भांडंही इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे पोर्टर नावाची गडद बिअर बनवणारे धनाढ्य ब्रुअर मोठ्यात मोठी लाकडी टाकी कुणाची यावर इरेला पेटले होते. पोर्टर महिनोन्महिने मुरवायची असे, हे निमित्त खरं. पण पुढे ती निव्वळ श्रीमंतीची जाहिरात झाली. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या मो कंपनीच्या हॉर्स शू ब्रुअरीत २२ फूट उंच टाकी होती, तीत ३,५५५ बॅरल पोर्टर. दहा लाखांवर पाइंट. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दुपारी तिचा एक लोखंडी पट्टा घसरला. असं अधूनमधून व्हायचं, म्हणून कारकुनाने दुरुस्तीची चिठ्ठी लिहून ठेवली. तासाभरात टाकी फुटली, शेजारची पिंपं फुटली, मागची भिंत कोसळली आणि सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत बिअरचा लोंढा घुसला. एका तळघरात लहान मुलाच्या मृत्यूनंतर आयरिश कुटुंबं जमली होती. एकूण आठ जण गेले, सगळ्या बायका आणि मुलं. चौकशीत हा निव्वळ दैवी अपघात ठरला. कंपनीने वाया गेलेल्या मालावर भरलेला अबकारी कर तिला संसदेने परत दिला. वस्तीला कंपनीकडून काही मिळालं नाही.

घड्याळ थांबवण्याची युक्ती विसाव्या शतकात निघाली, आणि तीही मोठ्या शहराच्या गर्दीसाठी नाही, एका टेनिस क्लबसाठी. लंडनजवळच्या ईस्ट शीन टेनिस क्लबात गर्दी व्हायची शनिवार-रविवारी. मधले पाच दिवस पिंपं नासत. वॉटनीच्या ब्रुअरीने १९३० च्या दशकात त्यांना 'रेड बॅरल' पुरवली: गाळलेली, पाश्चरीकरण केलेली, धातूच्या बंद पिंपात वायूच्या दाबाखाली ठेवलेली. आजच्या केगचं तत्त्व तेच आहे. तोंड एकच, वर. तिथून एक नळी सरळ तळापर्यंत जाते. वर कपलर बसवून दांडा दाबला की कार्बन डायऑक्साइड आत येतो, बिअरच्या पृष्ठभागावर दाब देतो आणि बिअर नळीतून वर चढते. हवेचा संबंधच येत नाही. पिंप उभं राहतं, खुंटी नको, हातोडा नको, अंगात मुरलेलं कसब नको. शेवटच्या गोष्टीचाच इंग्रजांना राग आला. १९७१ साली आयर्लंडमधल्या डनक्विनच्या एका बारमध्ये चार इंग्रज मित्रांनी केगच्या बिअरविरुद्ध 'कॅमरा' नावाची चळवळ काढली आणि ती ग्राहकांची एक बलाढ्य संघटना झाली. मला दोन्ही बाजू कळतात. चव कास्कची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पिंपातलीच, यात शंका नाही. पण बुधवारी एकट्याने आलेल्या माणसाला धड पाइंट मिळण्याची खात्री केगने दिली, हेही नाकारता येत नाही.

वायूची टाकी जोडली तर केगमधली बिअर आठवडेच्या आठवडे नीट राहते. तोच हाफ बॅरल अमेरिकी विद्यार्थी हिरवळीवर बर्फाच्या टपात ठेवतात आणि वर हाताने मारायचा पंप बसवतात. हा पंप आत हवा भरतो. झालं, स्टीलच्या केगमध्ये पुन्हा लाकडी पिंपाचं घड्याळ सुरू. आता तर दिवसभराचंच. १२ औंसांचे १६५ कप उद्यापर्यंत संपवावे लागतात, आणि विद्यार्थी या कर्तव्यात कसूर करत नाहीत. पिंप एकच, पण त्याचा योग्य आकार ठरवतो तो वर बसवलेला पंप.

घड्याळ सैल झाल्यावर आकाराला वेगळाच मालक मिळाला: निवड. सिक्स्टेलची, म्हणजे त्याच सिक्स्थ बॅरलची, उंची हाफ बॅरलइतकीच, व्यास मात्र जेमतेम साडेनऊ इंच, त्यामुळे एका मोठ्या केगच्या जागेत बारवाला वेगवेगळ्या बिअर उभ्या करतो. क्राफ्ट ब्रुअऱ्यांच्या लाटेत हेच माप फोफावलं. तीस तोट्यांचा बार उघडणाऱ्याला प्रत्येक बिअर थोडीच हवी असते. अठ्ठावन्न लिटर कडवट, जड, महागडी बिअर घेऊन बसण्यापेक्षा वीस लिटर घ्यायची, संपली की फळ्यावरचं नाव पुसून दुसरं लिहायचं. गिऱ्हाईक खूश असतं. मला मात्र अशा बारमध्ये बसलं की शेजारच्याशी बोलायला विषय सापडत नाही. तो काहीतरी दुसरंच पीत असतो. घरी बिअर करणाऱ्यांनी तर सोडावाल्यांचे पाच गॅलनचे जुने कॉर्नेलियस केग उचलले, जे शीतपेय कंपन्यांनी पिशवीबंद सिरपकडे वळल्यावर मोडीत काढले होते. आणि त्याच्याही खाली पाच लिटरचा टिनचा केग आला, फ्रिजच्या फळीवर मावणारा. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला तो हवा तेवढा वेळ सोबत करतो.

कोलोनचे लोक अजून या रस्त्याला लागलेले नाहीत. तिथल्या जुन्या पबांत दहा लिटरचं लाकडी पिटरमेन्शन काउंटरवर किंवा सरळ टेबलावर आणून ठेवतात, आणि ग्लास असतो ०.२ लिटरचा, उभट. पिंप लहान, ग्लास त्याहून लहान. दोन्ही रिकामे व्हायच्या आत गरम होऊ नयेत म्हणून. वेटर न विचारता भरलेला ग्लास ठेवत जातो आणि चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. थांबायचं असेल तर रिकाम्या ग्लासवर चकती झाकायची. वायू नाही, यंत्र नाही, फक्त टेबलाभोवती पुरेशी माणसं लागतात.

आणि पिल्झेनची बिअर पिणारे चेक तर उलट्या दिशेला गेले आहेत. प्रागमधल्या 'तांकोव्ना' म्हणवणाऱ्या पबांत केगच नसतो. तळघरात, कधी काउंटरमागे काचेआड, ५०० नाहीतर १,००० लिटरची टाकी असते. टाकीत एक पिशवी, पिशवीत पाश्चरीकरण न केलेली बिअर. हवा पिशवीच्या बाहेरून दाब देते, बिअरला शिवत नाही. ब्रुअरीचा टँकर दारात येऊन उभा राहतो, रस्त्यावरून पाइप आत सोडतात आणि टाकी भरतात. हजार लिटर म्हणजे अर्ध्या लिटरचे दोन हजार ग्लास, आणि पाश्चरीकरण नसल्यामुळे ते थोड्या दिवसांतच खपावे लागतात. त्यामुळे टाकी बसवणं परवडतं ते रोज संध्याकाळी बाकं भरणाऱ्या पबांनाच. गल्लीच्या पलीकडच्या रिकाम्या पबातही बिअर त्याच ब्रुअरीची मिळते. तिथे ती ५० लिटरच्या केगमधून येते, आणि तोही संपायला वेळ लागत असेल तर तीसच्या.